हिरा सराफाकडे बसवायला देताय? आधी त्याची ओळख नोंदवून ठेवा!

फोन दुरुस्तीला देताना आपण *#०६# डायल करून आयएमईआय लिहून घेतो, बॅकअप घेतो. पण फोनपेक्षा महाग हिरा मात्र नुसत्या विश्वासावर काउंटरवर ठेवून येतो.

आमच्या घरी हेच झालं. ताईच्या लग्नाच्या वेळी आजीच्या अंगठीतला हिरा नव्या अंगठीत बसवायला दिला. पावतीवर फक्त ‘खडा १ नग’. अंगठी घरी आल्यावर आई म्हणाली, “हा जरा वेगळाच दिसतोय रे.” कदाचित तोच असेल, स्वच्छ केल्यावर, नव्या कोंदणात हिरा वेगळा दिसतोच. पण ताडून बघायला आमच्याकडे जुना एक फोटोसुद्धा नव्हता. सराफावर आळ घेणं बरोबर नव्हतं आणि आईची शंकाही गेली नाही. म्हणून ही नोंद दोघांच्याही फायद्याची आहे.

१. हिऱ्याचा नंबर

जीआयए किंवा आयजीआयसारख्या लॅबचं सर्टिफिकेट असेल तर त्यावर रिपोर्ट नंबर असतो. तो लॅबच्या वेबसाइटवर टाकला की वजन, मिलिमीटरमधली मापं, रंग, क्लॅरिटी हे सगळं दिसतं. बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर (गर्डलवर) हाच नंबर लेझरने कोरलेला असतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं.

लक्षात घ्या, वेबसाइटवर रिपोर्ट सापडला म्हणजे रिपोर्ट खरा, इतकंच. समोरचा खडा तोच आहे का, हे कडेवरचा नंबर आणि मापं जुळवूनच कळतं. नंबर खोटाही कोरता येतो, म्हणून दोन्ही बघा.

२. सर्टिफिकेट नसेल तर

जुन्या दागिन्यांचं हेच असतं. खडा जुन्या कोंदणातून काढला की तो सुटा असतो. वजन करायची हीच वेळ, कारण बसवल्यावर खड्याचं वेगळं वजन करता येत नाही. तुमच्यासमोर वजन आणि मापं घ्यायला सांगा. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यामुळे वजन दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून घ्या. हिरा मोठा असेल तर आधी लॅबमधून तपासून घेतलेला बरा.

३. फोनने फोटो

सराफाचं भिंग मेन कॅमेऱ्यासमोर धरा, स्क्रीनवर टॅप करून फोकस करा आणि वरून, बाजूने असे फोटो घ्या. आतले बारीक काळे-पांढरे ठिपके, रेषा टिपून ठेवा. दोन हिऱ्यांमधले हे डाग सारखे नसतात, त्यामुळे ओळख पटवायला तेच कामी येतात. खडा, वजनकाटा आणि पुडी एकाच सलग व्हिडिओत घ्या. मात्र आधी परवानगी विचारा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधे पाठवले तर ते कॉम्प्रेस होतात आणि नेमके बारीक डागच पुसट होतात.

४. पावती

वजन, मापं, आकार, रिपोर्ट नंबर, दिसणारे डाग आणि परत मिळण्याची तारीख पावतीवर लिहून सही-शिक्का घ्या. हिरा कितीही कठीण असला तरी बसवताना दाब पडून त्याची कड उडू शकते. तसं झालं तर भरपाई कोण देणार, काम दुकानातच होणार की बाहेरच्या कारागिराकडे, हेही आधीच विचारा. लेझरचा नंबर सोन्याच्या पंजाखाली झाकू नका, असं सांगून ठेवा.

५. परत घेताना

काउंटरवरच भिंगातून नंबर आणि डाग जुन्या फोटोंशी जुळवा. दोन गोष्टींवर विसंबू नका:

- डायमंड टेस्टर: साधा टेस्टर लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यालाही ‘हिरा’च म्हणतो, कारण तो हिराच असतो. तुमचा कोणता, हे त्याला कळत नाही.
- एचयूआयडी: बीआयएस केअर अ‍ॅपवर हा सहा अक्षरी-अंकी कोड टाकला की सोन्याची शुद्धता कळते. खड्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

एवढ्या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चांगला सराफ याचा राग धरत नाही. त्यालाही उद्याचा वाद नकोच असतो.