सुताच्या गावातील लोकरीचे मोजे

सोलापुरात 'विणकर' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे माग उभा राहतो. १८७७ साली मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने येथे सूतगिरणी निघाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी घरोघर माग मांडले आणि सोलापुरी चादर देशभर पोहोचली. गिरण्यांचे ते भोंगे आता वाजत नाहीत, तरी सूत या गावातून गेलेले नाही. मात्र याच गावात उंबऱ्यापाशी बसून नातवासाठी मोजे विणणाऱ्या आजीला कोणी विणकर म्हणत नाही. वास्तविक तीही विणतेच.

यात काही दोष आपल्या भाषेचा आहे. मराठीत कापड विणतात, बाज विणतात, मासे धरण्याचे जाळे विणतात आणि मोजेही विणतात. या सर्वांना क्रियापद एकच. त्यामुळे जुन्या अहवालात 'मुलींना विणकाम शिकविले जाते' असे वाक्य आढळले तर तेथे माग होता की सुया होत्या, हे कळावयास मार्ग नसतो. 'मोजा' हा शब्दही मूळचा आपला नव्हे. तो फारसीतून आला आणि तिकडे त्याचा अर्थ चामड्याचा उंच जोडा असा आहे. वस्तू परकी, शब्द परका आणि क्रियापद उसने, अशी या लहानशा वस्त्राची आपल्याकडील स्थिती आहे. म्हणूनच त्याचा मागोवा घेणे मला अगत्याचे वाटते.

मागावरच्या कापडाला ताणा आणि बाणा असे दोन धागे लागतात. सुयांवरचे विणकाम एकाच धाग्याचे असते. तो धागा स्वतःच्याच फासातून पुढे ओढला जातो. म्हणून असे वस्त्र ताणले की पसरते, सोडले की आवळते आणि एक टोक ओढले तर सगळेच उसवते. पायाला नेमके असेच वस्त्र हवे असते, कारण घोटा अरुंद, टाच बाहेर आलेली आणि पंजा रुंद. या तिन्हींवर बसेल असे कापड मागावर निघत नाही.

जगातील अतिशय जुन्या मोज्यांपैकी एक जोड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. तो मिसर देशातील ऑक्सिरिंकस येथे सापडला आणि इसवी सन २५० ते ४२० या काळातला मानला जातो. रंग लाल असून अंगठा वेगळा ठेवलेला आहे, म्हणजे चपलेच्या पट्ट्यासह तो घालता येत असे. त्याच ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांतून १८९७ मध्ये प्रभू येशूच्या वचनांचा एक पपायरसचा तुकडा मिळाला, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. हा जोड मात्र एकाच सुईने, गाठीसारखे फास घेत केलेला आहे. आज आपण ज्याला विणकाम म्हणतो ते त्यानंतरचे. त्याचे सर्वांत जुने नमुनेही मिसरमधलेच आहेत. साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले हे मोजे सुती असून पांढऱ्या व निळ्या रंगांत विणलेले आहेत. त्याच काळात गुजरातचे छापील सुती कापड मिसरच्या बाजारात जात असे. आपला कापूस तेथवर गेला, पण ही सुईची कला तेव्हा आपल्याकडे रुजली नाही. ती युरोपियन लोकांबरोबर आली, असेच अभ्यासक सामान्यतः मानतात.

या विषयाचा आधुनिक काळातील गंभीर इतिहास एका बिशपने लिहिला आहे. रिचर्ड रट हे कोरियात मिशनरी म्हणून गेलेले अँग्लिकन धर्मगुरू. पुढे ते इंग्लंडमधील लेस्टरचे बिशप झाले. १९८७ मध्ये त्यांचा 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये ते कॅथलिक ख्रिस्तसभेत आले, १९९५ मध्ये त्यांना कॅथलिक धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. विणकाम हा बायकांचा रिकामपणचा उद्योग आहे, असे समजणाऱ्या पुरुषमंडळींनी या नावाची नोंद घ्यावी. युरोपात एके काळी या कामाचे पुरुषांचे संघ होते आणि मध्ययुगातील बिशपांचे उपासनेतील हातमोजे बरेचदा रेशमाचे व सुयांवर विणलेले असत.

याहून अधिक विचार करावयास लावते ते एक चित्र. सुमारे १४०० च्या काळात जर्मन चित्रकार मास्टर बर्ट्राम याच्या हाताखाली बुक्सटेहूड येथील मठासाठी एक वेदिचित्र तयार झाले. ते आता हाम्बुर्गच्या कलादालनात आहे. त्याच्या एका भागात पवित्र मरिया बसून विणते आहे. हातात चार सुया आणि अंगरखा गळ्यापर्यंत आलेला. बाळ येशू जवळच पुस्तक घेऊन पहुडला आहे आणि दोन देवदूत क्रूस, भाला, खिळे व काट्यांचा मुकुट घेऊन आले आहेत. संत योहानाच्या शुभवर्तमानात (१९:२३) क्रुसापाशी शिपायांनी प्रभूचे कपडे वाटून घेतल्याचे आणि अंगरखा शिवणीवाचून सबंध विणलेला असल्याने तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या, असे सांगितले आहे. शिवणीवाचून सबंध वस्त्र कसे होते, हा प्रश्न चित्रकारापुढे पडला असावा. त्याला उत्तर मिळाले ते आपल्या आयाबहिणींच्या हातात. तीन सुयांवर टाके वाटून चौथीने गोल गोल विणत गेले की नळी तयार होते आणि कोठेही शिवण येत नाही. मोजा याच रीतीने विणतात. शास्त्रदृष्ट्या पाहिले तर शुभवर्तमानातील वस्त्र मागावरचेच असणार, कारण पहिल्या शतकात पॅलेस्टाईनमध्ये अशा सुयांचे विणकाम होते असा पुरावा नाही. परंतु घराघरांतील स्त्री ज्या हालचाली रोज करते त्याच देवमातेच्या हातांना दिल्याने त्या चित्रकाराने फार मोठी गोष्ट साधली, असे मला वाटते.

हातांचे हे काम यंत्राने हिरावून घेण्याचा आरंभही एका धर्मगुरूकडूनच झाला, हा योगायोग म्हणावा लागेल. १५८९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधील विल्यम ली या पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. इंग्लंडच्या राणीकडून आश्रय न मिळाल्याने तो फ्रान्सला गेला. आज आपण पंधरा मिनिटांत दुकानातून घेऊन येतो ते मोजे त्या यंत्राच्या वंशातले.

महाराष्ट्रात ही कला शाळेच्या दारातून आली. येशू आणि मरिया यांच्या धर्मभगिनींचा संघ १८१८ मध्ये फ्रान्समधील लियों येथे स्थापन झाला. लियों हे रेशमाचे गाव, आणि संत क्लॉडीन यांनी अनाथ मुलींना तेथे रेशमाचे कामच शिकविले. या संघाच्या भगिनी १८४२ मध्ये आग्र्यास आणि १८६० मध्ये पुण्यास आल्या. सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा होत्या. पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी उभे राहिले. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन निघाले आणि त्याची शाखा सोलापुरातही आली. पंथ निराळे, धर्म निराळे. पण मुलींच्या शाळेत सुईदोरा हवा याविषयी सर्वांचे एकमत होते. रुमालाला काठ घालणे, गुंडीचे काज करणे आणि मग लोकरीचे टोपरे व मोजे, असा तो क्रम आमच्या आईच्या पिढीपर्यंत चालू होता. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो अशा गावी मुली लोकरीचे मोजे शिकत होत्या, हे विनोदी वाटेल. पण विद्यार्थिनीची खरी परीक्षा मोज्यातच असते. टाच वळवताना अर्धे टाके थांबवून ठेवावे लागतात, उरलेल्यांवर जा-ये करून पिशवी करावी लागते आणि मग बाजूंचे टाके उचलून पुन्हा गोल विणावे लागते. येथे मोजता आले पाहिजे. ज्या मुलींना पाढे म्हणण्याची संधी घरी मिळत नव्हती त्या टाचेपाशी बेरीज-वजाबाकी करीत होत्या.

लोकर मात्र नेहमीच परगावची. सोलापूर जिल्ह्यात मेंढरे थोडी नाहीत. सांगोल्याकडील धनगर चातीवर सूत काढतात, सणगर घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ लावून ती कडक करतात. ही दख्खनी लोकर आखूड व भरड असते. पावसात अंगावर घ्यावयास उत्तम, पण तळपायाला ती टोचते. गिरणीचे सूत मऊ, पण त्याला लोकरीसारखी ओढ नाही. सुती मोजा दोन धुण्यांत घोट्याखाली लोळू लागतो. म्हणजे ज्या गावात सूतच सूत, तेथे मोज्यांसाठी धागा नव्हता. तो कानपूरच्या 'लाल इमली'कडून, पंजाबातील धारीवालहून आणि पुढे लुधियान्याहून येत राहिला.

या मोज्यांना इतिहासाच्या मोठ्या पटावर ओढले ते युद्धांनी. १९१४ च्या सप्टेंबर अखेरीस हिंदी फौज मार्सेयला उतरली आणि पहिलाच हिवाळा तिने फ्रान्सच्या चिखलात काढला. खंदकात दिवसेंदिवस ओल्या मोज्यांत राहिलेले पाय सडत आणि ते कापण्याची वेळ येई. कोरडा मोजा बदलावयास मिळणे हा तेथे औषधोपचार होता. इंग्लंडमध्ये राणी मेरीने तीन लाख जोड मोज्यांचे आवाहन केले. मुंबई इलाख्यात लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने युद्धनिधीची स्त्रीशाखा कामास लागली. मराठा पलटणी त्या वेळी मेसोपोटेमियात लढत होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले तेव्हा त्यांतील पुष्कळ जण कैद झाले.

दुसरा प्रसंग १९६२ चा. २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झाले तेव्हा नेफाच्या उंचीवर आपल्या कित्येक जवानांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायांत कॅनव्हासचे बूट होते. २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावून गेला, हे वाक्य तेव्हापासून आपल्या भाषेत आहे. त्याच हिवाळ्यात आगगाडीच्या डब्यात, शाळेच्या मधल्या सुटीत, प्रवचनासाठी जमलेल्या बायकांत सुया चालू झाल्या. स्वेटर, कानटोप्या, हातमोजे, पायमोजे. सोने दिलेल्यांना पावत्या मिळाल्या आणि त्या पावत्या अजून काही घरांत जपून ठेवलेल्या असतात. मोज्यांची पावती कोण देणार? येथे मला जुन्या गिरणीची आठवण होते. १९४९ मध्ये ती बंद पडली तेव्हा १९५० साली दिल्लीत तिच्यासाठी खास कायदा झाला आणि त्यावरील दावा सर्वोच्च न्यायालयात गाजला. मागाच्या विणकामाची कागदपत्रे कपाटे भरून आहेत. सुयांच्या विणकामाचे एक पानही कोठे लागत नाही.

आता थोडे नवी पेठेविषयी. दिवाळी उलटली की तेथील काही दुकानांत लोकरीच्या लड्या टांगल्या जातात. खरी लोकर क्वचितच. बहुतेक माल ॲक्रिलिकचा, ज्याला जुने दुकानदार अजून 'कॅशमिलॉन' म्हणतात. बाळाच्या मोज्यांना तो चालतो, कारण तो टोचत नाही आणि धुण्यात आटत नाही. मोठ्यांच्या मोज्यांसाठी मात्र निव्वळ ॲक्रिलिक घेऊ नये, घाम शोषला जात नाही. परदेशी मोज्यांच्या लोकरीत साधारण तीन भाग लोकर आणि एक भाग नायलॉन असतो, तो टाचेच्या घासण्यासाठी. येथे तशी मिळत नाही, म्हणून जाणत्या बायका टाच विणताना सोबत नायलॉनचा बारीक धागा धरतात. मोठ्यांच्या जोडाला शंभर ग्रॅम पुरते, तान्ह्याच्या जोडाला पाव हिस्सा. सगळी लोकर एकदमच आणि एकाच लॉटची घ्यावी. महिन्याने आणलेली लडी त्याच नावाच्या रंगाची असूनही निराळी दिसते. सुयांचे क्रमांक अजून जुन्या इंग्रजी रीतीचे आहेत, आकडा वाढेल तशी सुई बारीक. बाराची किंवा तेराची सुई न मिळाल्यास सायकलच्या चाकाच्या तारा घासून कामास लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नवी लोकर परवडत नसेल तेव्हा जुना स्वेटर उसवून, लडी धुऊन, खाली वजन बांधून वाळवायची आणि त्यातून मोजे करायचे. वडिलांचा स्वेटर मुलाच्या पायांत असा येत असे.

आजही बाळंतविड्यात टोपरे, कुंची व मोजे हाताचेच असावेत असा पुष्कळ घरी आग्रह असतो आणि स्नानसंस्कारासाठी आणलेल्या बाळाच्या पायांत मी ते नेहमी पाहतो. नोंदवहीत मी बाळाचे नाव लिहितो, आईवडिलांचे लिहितो, धर्मपित्याचे व धर्ममातेचे लिहितो. पुढे मोजे विणणारी कोण म्हणून विचारले, तर बहुधा मागच्या बाकावरील एखादी वृद्धा हसते.

आपल्या धर्मग्रामातील कोणा कुटुंबाकडे १९६२ च्या सुमाराचे विणकाम, शाळेतील नमुन्यांची वही किंवा दोन्ही टोके अणकुचीदार असलेल्या जुन्या सुया असतील, तर त्या विणणारीच्या नावासह, गाव व सालासह रविवारच्या मिस्सानंतर दाखवाव्यात. एक जाड वही आणून ठेवली आहे.