भोंगेवाल्याच्या पेटीतल्या रेकॉर्डी

दुर्गापूरच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले एक काका मागच्या आठवड्यात टपरीवर भेटले. तरुणपणी लग्नाला, जयंतीला भोंगा भाड्याने द्यायचे. रेकॉर्डींचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, "कॅसेट आली अन् भंगारात देल्या बापू. किलोनं."

मला विगन आठवलं. इंग्लंडमधलं गाव, आपल्यासारखंच कोळशाचं, शिवाय कापड गिरण्यांचं. 1973 साली तिथल्या 'विगन कॅसिनो' नावाच्या हॉलमध्ये रात्र-रात्रभर नाच सुरू झाला. मध्यरात्रीनंतर सुरू, सकाळी आठला बंद, दारू नाही. गाणी कोणती? डेट्रॉइट, शिकागोकडच्या कृष्णवर्णीय गायकांचं 'सोल', चर्चमधल्या गाण्यातून आलेलं. तेही गाजलेलं नाही, पडेल! एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डी, ज्यांना तिकडे गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. त्या हुडकायला पोरं अमेरिकेतली गोदामं पालथी घालायची, आणि दुसऱ्याला नाव कळू नये म्हणून लेबलवर खोटं लेबल चिकटवायची.

फ्रँक विल्सनच्या 1965 च्या एका रेकॉर्डची जवळजवळ सगळी छपाई कंपनीने नष्ट केली होती. बोटावर मोजण्याइतक्या प्रती वाचल्या. या नाचणाऱ्या पोरांनी गाणं एवढं उचलून धरलं की 1979 मध्ये कंपनीला ते इंग्लंडात नव्याने काढावं लागलं. मूळ प्रत 2009 मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली. आता अशा गाण्यांच्या मोजक्या प्रती पुन्हा छापणाऱ्या कंपन्याच आहेत आणि माल हातोहात संपतो. कंपनीने टाकून दिलेलं गाणं बहुतेक गोऱ्या कामगारांच्या पोरांनी वाचवलं, हे विसरू नका.

आता आपल्याकडे या. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. गडचिरोली तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत भीमगीतं घुमली. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गात होते. बहुतेक गाणी छापील पुस्तिकांतून आणि तोंडातोंडी पसरली, रेकॉर्ड फार थोड्यांच्या नशिबी आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आल्या. पण रेकॉर्ड प्लेअर घरी कोणाच्या होता? गाणं पोचवलं ते भोंगेवाल्याने. झाडाला कर्णा बांधला की अख्खा टोला ऐकायचा. आपल्या भागातला खरा संग्राहक तोच, फक्त त्याला कोणी संग्राहक म्हटलं नाही. (त्याआधीच्या 78 च्या तबकड्या लाखेच्या असत. लाख म्हणजे तीच, जी आपल्या जंगलात पळसावर येते. पडली की फुटली.)

जुन्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डी आज पुन्हा छापल्या जातात, हजारो रुपयांना विकल्या जातात. भीमगीताची छोटी रेकॉर्ड कोणी नव्याने काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. गिऱ्हाईक नाही म्हणता? दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात येणारी गर्दी बघा एकदा.

कायद्याचंही सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं. म्हणजे 1964 पर्यंत निघालेल्या रेकॉर्डीवरचा कंपनीचा हक्क संपला. शब्दांचं मात्र वेगळं: कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. वामनदादा 2004 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांसाठी 2064 अखेरपर्यंत वारसांची परवानगी आणि मानधन लागेलच, आणि ते मिळालंच पाहिजे. पण हे सगळं पुढचं. आधी चांगली वाजणारी प्रत तर सापडू द्या!

तर यंदा मेळ्यात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल टाकायचा विचार आहे. रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे आहे, सुई नवी आणतो. माळ्यावर, पेटीत, जुन्या मंडपवाल्याकडे काही असेल तर कंपनीचं नाव आणि नंबर दिसेल असा लेबलचा फोटो काढून खाली टाका. रेकॉर्ड ओल्या फडक्याने पुसू नका, लेबल जातं.