बैठ्या कामातील कंबरदुखी

बैठ्या कामातील कंबरदुखी : टेबलाशी दिवसभर बसून काम करणाऱ्यांना शेवटच्या बरगडीखाली आणि नितंबांच्या वर जाणवणारे दुखणे, जडपणा किंवा आखडलेपण. कारकून, हिशेबनीस, संगणक अभियंते, बँकेत खिडकीवर बसणारे आणि कॉल सेंटरमधील कर्मचारी यांच्यात ही तक्रार सर्रास आढळते. सकाळी कंबर मोकळी असते, जेवणानंतर जड होऊ लागते आणि संध्याकाळी खुर्चीतून उठताना पहिली दोन पावले वाकूनच टाकावी लागतात. चार पावले चालले की ती सैल होते. उपायाची दिशा या शेवटच्या अनुभवातच आहे.

तक्रार जुनी आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझ्झिनी यांचा कामगारांच्या रोगांवरील ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे दिली आहेत : सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तिसरे कारण आजही दुर्लक्षित राहते. अपुरी झोप, कामाचा धसका आणि वरिष्ठांचा जाच असला की कंबर लवकर दुखू लागते आणि दुखणे रेंगाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांच्या दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार किंवा इजा दाखवता येत नाही. याचा अर्थ दुखणे खोटे असते असा मुळीच नाही.

कमरेत पाच मणके असून प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. गादीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे आणि आतला गर पाणीदार असतो. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. शेजारच्या मणक्यांतून झिरपून येणाऱ्या द्रवावर तिचे पोषण होते. दाब वाढला की पाणी बाहेर जाते, कमी झाला की आत येते. रात्रीच्या झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे १ टक्क्याने जास्त भरते. फुगलेल्या गादीला वाकणे अधिक जाचते. म्हणून दुखण्याच्या दिवसांत उठल्याउठल्या खाली वाकून केर काढणे किंवा बादली उचलणे तासभर पुढे ढकललेले बरे.

बसल्यावर कमरेचे काय होते, हे अमेरिकेतील ओमाहा येथील शल्यचिकित्सक जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये क्ष-किरण चित्रांनी दाखवले. उभ्या माणसाच्या कमरेला आतल्या बाजूने बाक असतो. खुर्चीत मांड्या धडाशी काटकोनात आल्या की मांडीमागचे स्नायू ताणले जाऊन श्रोणी (ओटीपोटाभोवतीची हाडे) मागे कलते आणि तो बाक सपाट होतो. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनमधील आल्फ नाखेमसन यांनी गादीत सुई घालून दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभे असतानापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त भरला. हा आकडा जगभर पोहोचला आणि बसणे म्हणजे कमरेवर अत्याचार ही समजूत रुजली. १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथे अधिक सुधारित उपकरणाने एका स्वयंसेवकाच्या गादीतील दाब पुन्हा मोजला गेला. तेव्हा सैल बसल्यावर तो उभे असतानाच्या आसपासच निघाला आणि खुर्चीत घसरून रेलल्यावर तर बराच कमी झाला. एका माणसावरच्या मोजणीने जुना प्रश्न निकालात निघत नाही. पण ‘ताठ बस’ हा शाळेपासून कानी पडणारा आदेश शास्त्रीय म्हणून पुढे करण्यासारखा नाही, एवढे यातून नक्की दिसते. तासभर ताठ बसलेली कंबरही दुखते. खरा जाच एकाच स्थितीत अडकून राहण्याचा आहे : तेच स्नायू न थांबता राबतात, तेच बंध ताणलेले राहतात.

बैठक सुधारण्याची सुरुवात पाठीमागच्या आधारापासून करावी. खुर्चीची पाठ थोडी मागे कलती असावी, काटकोनापेक्षा १० ते २० अंशांनी. असा कल आणि कमरेमागचा आधार यांमुळे गादीवरील दाब कमी होतो, असे गोथेनबर्ग येथील अँडरसन आणि सहकाऱ्यांच्या १९७४ मधील मोजण्यांत दिसले. महागडी खुर्ची नसेल तर आंघोळीचा जुना टॉवेल पुरतो. तो लांबीत दुमडून घट्ट गुंडाळावा, दोन्ही टोकांना रबर लावावे आणि नितंब खुर्चीत पार मागे सरकवून कमरपट्ट्याच्या किंचित वर, पाठीच्या खोलगट भागात बसवावा. गुंडाळी फार जाड झाली तर ती पाठ पुढे ढकलते. मग एक घडी कमी करावी. फक्त टॉवेल मागे ठेवून माणूस खुर्चीच्या कडेवर बसला तर त्याचा काही उपयोग नाही.

उंचीचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे आणि त्याकडे फार थोडे कार्यालयप्रमुख लक्ष देतात. कार्यालयातील टेबल साधारण ७५ सेंमी उंच असते. १५० सेंमी उंचीच्या बाईने कोपर टेबलाच्या पातळीला यावे म्हणून खुर्ची वर घेतली, की पाय अधांतरी लोंबकळतात. खुर्ची खाली घेतली तर खांदे उचलून टंकन करावे लागते. पायांखाली पाट, लाकडी ठोकळा किंवा कागदांच्या रिमांचे बंद खोके ठेवले की दोन्ही अडचणी सुटतात. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि कळफलक वेगळा जोडावा. नाहीतर मान वाकते आणि मानेमागून पाठही वाकते. २०२० च्या टाळेबंदीत जेवणाच्या टेबलावर कचेरी थाटणाऱ्यांना हे प्रत्यक्ष भोगावे लागले.

जुन्या पेढीवरचा मुनीम गादीवर, तक्क्याला टेकून, उतरत्या डेस्कवर खतावणी लिहीत असे. उतारामुळे मान आणि पाठ कमी वाकते; डॅनिश शल्यचिकित्सक ए. सी. मांडाल यांनी पुढे उतरत्या टेबलाचा आग्रह याच कारणाने धरला. शिवाय भुईवर बसणारा माणूस मांडी बदलतो, एक गुडघा उभा करतो, तक्क्यावर कलतो. गुडघे धड असणाऱ्यांनी घरातल्या कामाचा काही भाग असा बसून करायला हरकत नाही. उभ्याने काम करण्याची टेबले उपयुक्त आहेत, पण बसणे आणि उभे राहणे आलटून पालटून केले तरच. तासन् तास उभे राहिल्यानेही कंबर धरते.

अर्ध्या तासाने एकदा उठावे. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता पिंपाशी जावे, फोन चालत घ्यावा. उभे राहून पाय खांद्यांएवढे फाकवावेत, तळवे कमरेवर टेकवावेत आणि गुडघे सरळ ठेवून पाच-सहा वेळा सावकाश मागे झुकावे. या दिशेच्या व्यायामाचा प्रसार न्यूझीलंडमधील भौतिकोपचारतज्ज्ञ रॉबिन मॅकेन्झी यांनी केला. १९५६ मध्ये वेलिंग्टनला त्यांचा एक रुग्ण डोक्याकडून उंच राहिलेल्या पलंगावर चुकून पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली कळ ओसरली, तेथून त्यांचा विचार सुरू झाला. हा व्यायाम सर्वांनाच मानवतो असे नाही. मागे झुकल्यावर कळ पायाकडे उतरू लागली तर थांबावे. पायातली कळ कमरेकडे सरकत आली तर ते सुधारण्याचे लक्षण मानतात.

कंबर अचानक धरली की घरचे लोक आधी अंथरूण घालतात. मायेने केलेले असले तरी ते नुकसान करते. हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गातील १८६ जणांवरील अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन दिवस पडून राहिलेले, ठरावीक व्यायाम केलेले आणि झेपेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवलेले अशा तीन गटांत शेवटचा गट सर्वांत लवकर बरा झाला. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, डॉक्टरांना विचारून वेदनाशामक घ्यावे आणि घरातल्या घरात चालत राहावे. दीर्घकाळच्या दुखण्यात नेहमीचा उपचार म्हणून कमरेचा पट्टा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे.

एमआरआयच्या अहवालाने माणसे अकारण खचतात. कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या चित्रणांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांतही गादीची झीज आढळली आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. त्यामुळे अहवालात झीज लिहून आली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही.

पुन्हा दुखू नये म्हणून चालण्याइतका स्वस्त उपाय नाही. ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने नेलेल्या गटात दुखणे परतण्याचा मध्यम काळ २०८ दिवस होता, इतरांत ११२ दिवस. योगासनांचाही माफक पण खरा उपयोग होतो. ब्रिटनमधील ३१३ रुग्णांवरील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा वर्गांचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतील शिक्षक होते. पट्टा, लोड, खुर्ची यांचा आधार घेऊन आसन शरीराला झेपेल असे करणे ही त्या परंपरेची रीत आखडलेल्या कमरेला सोयीची आहे.

काही लक्षणे दिसली तर यांतले काही करत बसू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता, पायातली शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजनातील घट, रात्री न थांबणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्याचा मार असेल तर तपासणी लांबवू नये. आपल्याकडे मणक्याचा क्षयही असा सुरू होतो आणि बसून बसून दुखते म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो.

कामाच्या जागेची जबाबदारी कायद्याने थोडीफार ओळखली आहे. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय देण्यास सांगितले होते. युरोपीय समुदायाच्या १९९० च्या निर्देशाने पडद्यापुढे काम करणाऱ्यांसाठी उलट बाजूची तरतूद केली : कामात अधूनमधून खंड किंवा बदल मिळेल अशी आखणी मालकाने करावी. खुर्च्या बदलायला पैसे लागतात. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठणाऱ्या माणसाचा वेळ हजेरीतून न कापण्याला काहीच लागत नाही.