दोन फटफट्या आणि एक आरमार

हर्णै ते विजयदुर्ग हा प्रवास आम्ही बँकेतल्या चौघांनी दोन फटफट्यांवर तीन दिवसांत केला. पहिल्या दिवशी समुद्र दिसला की थांबायचो, दुसऱ्या दिवशी भांडण झालं की! तंटा पेट्रोलच्या सव्वाशे रुपयांचा. तिसऱ्या दिवशी माझ्या मागे बसणारे हेडकॅशियर रुसले आणि चक्क एका परक्या टेम्पोत बसून पुढे गेले.

मला पेशवे आठवले. तुळाजी आंग्र्यांशी बिनसलं, तेव्हा नानासाहेबांनी इंग्रजांना हाताशी धरलं. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरातलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. कान्होजींपासून इंग्रज ज्याला वचकून होते, तेच हे आरमार. आमच्या खतावणीच्या भाषेत सांगायचं तर, जमा : एक भाऊबंद नरमला. नावे : अख्खा समुद्र.

संध्याकाळी हेडकॅशियर विजयदुर्गाच्या तटावर एकटेच बसलेले सापडले. टेम्पोवाल्याने पाचशे घेतले होते म्हणे.

कोणी काही बोललं नाही. मी खाली येऊन गुपचूप मागची सीट पुसली.