नॉर्थ कॅरोलायना स्टेट पुरुष बास्केटबॉल संघाचा १९८२-८३ चा हंगाम

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १९८२-८३ च्या हंगामात अमेरिकेचे राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद पटकावले. हे विद्यापीठ नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॅली या शहरात असून त्याच्या क्रीडासंघांना 'वुल्फपॅक' म्हणजे लांडग्यांचा कळप असे म्हणतात. जिम व्हॅल्व्हानो हे संघाचे प्रशिक्षक होते. हंगामात संघाने २६ सामने जिंकले व १० गमावले. दहा पराभव पत्करून राष्ट्रीय विजेतेपद मिळवणे ही तोपर्यंत न घडलेली गोष्ट होती. मार्चच्या प्रारंभी १७ विजय व १० पराभव अशी बेताची कामगिरी असलेल्या या संघाने त्यानंतरचे नऊही सामने जिंकले. त्यांपैकी बहुतेक सामन्यांत तो अखेरच्या मिनिटांत पिछाडीवर होता. यावरून वृत्तपत्रांनी त्याला 'कार्डिॲक पॅक', म्हणजे पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवणारा कळप, असे नाव दिले.

पार्श्वभूमी

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतो. विद्यापीठे 'कॉन्फरन्स' नावाच्या प्रादेशिक गटांत विभागलेली असतात. प्रथम गटातील साखळी सामने होतात, त्यानंतर गटाची बाद पद्धतीची स्पर्धा होते आणि शेवटी नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा भरते. राष्ट्रीय स्पर्धाही बाद पद्धतीचीच असते. १९८३ साली तीत ५२ संघ होते. गटस्पर्धेच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळे, बाकीच्यांना निवड समितीच्या पसंतीवर अवलंबून राहावे लागे. चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने या टप्प्यावरील पराभव म्हणजे विद्यापीठाच्या गणवेशातील अखेरचा सामना ठरतो. मार्चमधील या सामन्यांना तेथे जे भावनिक वजन आहे, त्याचे मूळ यातच आहे.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट हा अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या गटातील संघ. याच गटात शेजारचे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ (१९८२ चे राष्ट्रीय विजेते, मायकेल जॉर्डन याच संघात होता), व्हर्जिनिया आणि ड्यूक हे संघ होते. स्टेटने यापूर्वी १९७४ मध्ये एकदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते.

व्हॅल्व्हानो हे न्यूयॉर्कचे, इटालियन वंशाचे, अखंड बोलणारे व हजरजबाबी गृहस्थ. आयोना महाविद्यालयातून ते १९८० मध्ये रॅलीला आले. त्यांच्या हाती आलेल्या खेळाडूंपैकी तिघे १९८२-८३ मध्ये शेवटच्या वर्षाला होते: लांबून अचूक नेम साधणारा डेरेक व्हिटनबर्ग, चेंडू खेळवत संघाची सूत्रे सांभाळणारा सिडनी लो आणि उंच, शांत स्वभावाचा थर्ल बेली. व्हिटनबर्ग व लो हे मेरीलँडमधील डिमॅथा या शाळेपासूनचे सवंगडी. त्यांच्या जोडीला दुसऱ्या वर्षाचा धिप्पाड लोरेंझो चार्ल्स आणि कोझेल मॅक्वीन हे होते.

नियमांचा प्रश्न

या हंगामाची कथा समजण्यासाठी तत्कालीन नियम माहीत असणे आवश्यक आहे. त्या वेळी राष्ट्रीय स्पर्धेत चेंडू ठरावीक सेकंदांत बास्केटकडे फेकलाच पाहिजे असे बंधन नव्हते (ते १९८५-८६ पासून आले). त्यामुळे आघाडीवरचा संघ चेंडू आपसांत खेळवत कितीही वेळ काढू शकत असे. कबड्डीत शेवटच्या मिनिटांत दोन-तीन गुणांनी पुढे असलेला संघ रेषेजवळ घुटमळत रिकाम्या चढाया करतो, त्यातलाच हा प्रकार.

यावर पिछाडीवरच्या संघाकडे एकच उपाय असे, तो म्हणजे मुद्दाम फाउल करणे. फाउल झाला की घड्याळ थांबते आणि प्रतिस्पर्ध्याला मुक्त फेक मिळते. अर्ध्या सामन्यात ठरावीक संख्येपेक्षा अधिक फाउल झाल्यावर 'एकावर एक' हा नियम लागू होई. पहिली फेक यशस्वी झाली तरच दुसरी मिळे, पहिलीच हुकली तर चेंडू खेळात येई. व्हॅल्व्हानो यांनी या तरतुदीचा वापर एखाद्या शस्त्रासारखा केला. प्रतिस्पर्ध्यांतील कच्चा किंवा भांबावलेला खेळाडू हेरायचा, त्याला फाउल करायचा आणि एका गुणाचा धोका पत्करून चेंडू परत मिळवायचा. या डावपेचाला रडीचा डाव म्हणणारे तेव्हाही होते. परंतु तो पूर्णपणे नियमांत बसणारा होता, आणि त्यात धोका पत्करणारा संघ स्टेटच होता, ही बाब टीकाकार सहसा विसरतात.

त्या वर्षी अटलांटिक कोस्ट गटाने आपल्या सामन्यांपुरते दोन प्रायोगिक नियम मात्र स्वीकारले होते. एक म्हणजे ३० सेकंदांचे घड्याळ आणि दुसरा म्हणजे १७ फूट ९ इंचांवरील तीन गुणांची रेषा. ही रेषा आजच्या मानाने फारच जवळ होती. व्हिटनबर्ग आणि राखीव खेळाडू टेरी गॅनन यांना ती जणू त्यांच्यासाठीच आखल्यासारखी होती. गॅननच्या तीन गुणांच्या दहापैकी जवळजवळ सहा फेकी यशस्वी होत.

व्हिटनबर्गची दुखापत

१२ जानेवारी १९८३ रोजी रॅलीतील रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये व्हर्जिनियाविरुद्धचा सामना होता. व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसन हा ७ फूट ४ इंच उंचीचा खेळाडू त्या काळी देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू मानला जाई. व्हिटनबर्गने पूर्वार्धातच २७ गुण केले, पण उत्तरार्धात उडी मारून उतरताना त्याच्या पायाचे हाड मोडले. स्टेटने सामना गमावला. व्हिटनबर्गची महाविद्यालयीन कारकीर्द संपली, असाच समज त्या रात्री झाला.

पुढचे सहा आठवडे स्टेटच्या दृष्टीने कसोटीचे होते. व्हिटनबर्गची जागा प्रथम वर्षाच्या अर्नी मायर्सला मिळाली, बेली व लो यांच्यावरील भार वाढला आणि चार्ल्सला आक्रमणात अधिक वाव मिळाला. प्रारंभी पराभव झाले, परंतु फेब्रुवारीत घरच्या मैदानावर संघाने नॉर्थ कॅरोलायनाला ७०-६३ असे हरवले. हंगामाच्या अखेरीस जे घडले त्याची तयारी याच काळात झाली, असे म्हणता येते. एकाच नेमबाजावर विसंबून असलेल्या संघात आता पाच-सहा जण निकाल फिरवू शकत होते. फेब्रुवारी संपता संपता व्हिटनबर्ग अनपेक्षितपणे परतला. शेवटच्या साखळी सामन्यात वेक फॉरेस्टवर १३०-८९ असा विजय मिळाला. तरीही राष्ट्रीय स्पर्धेची निवड समिती हा संघ घेईल याची खात्री कोणालाच नव्हती. गटस्पर्धा जिंकणे हाच निर्धोक मार्ग होता.

अटलांटातील तीन दिवस

गटस्पर्धा ११ ते १३ मार्चदरम्यान अटलांटा येथे झाली. आठवडाभरापूर्वी ज्या वेक फॉरेस्टला ४१ गुणांनी धूळ चारली होती, त्याच संघाविरुद्ध पहिला सामना ७१-७० असा केवळ एका गुणाने जिंकता आला. उपांत्य फेरीत नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा सामना जादा वेळेत गेला. तेथे सहा गुणांची पिछाडी भरून काढून स्टेटने ९१-८४ अशी बाजी मारली. अंतिम सामन्यात व्हर्जिनियाचा ८१-७८ असा पराभव झाला. सॅम्पसनला चार वर्षांत गटविजेतेपद एकदाही मिळाले नाही.

राष्ट्रीय स्पर्धा

स्टेटला पश्चिम विभागात सहावे मानांकन मिळाले. १८ मार्च रोजी ओरेगनमधील कोर्व्हॅलिस येथे पेपरडाइनविरुद्धचा पहिलाच सामना हातचा जाण्याच्या बेतात होता. पेपरडाइनच्या एरवी भरवशाच्या खेळाडूंनी ऐन वेळी मुक्त फेकी दवडल्या. दोनदा जादा वेळ खेळवल्यानंतर स्टेटने ६९-६७ असा विजय मिळवला. दोन दिवसांनी नेव्हाडा-लास व्हेगस या बलाढ्य संघाविरुद्ध उत्तरार्धात १२ गुणांची पिछाडी होती. अखेरच्या क्षणी रिंगवरून परतलेला चेंडू बेलीने पुन्हा आत ढकलला आणि ७१-७० असा निकाल लागला.

पुढचे दोन सामने युटा राज्यातील ऑग्डेन येथे झाले. यजमान राज्याच्याच युटा विद्यापीठावर ७५-५६ असा सरळ विजय मिळाला. या नऊ सामन्यांतील श्वास रोखायला न लावणारा असा हा जवळजवळ एकमेव सामना. २६ मार्चला मात्र समोर पुन्हा व्हर्जिनिया आला. एका गुणाने मागे असताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात चार्ल्स मुक्त फेकीच्या रेषेवर उभा राहिला. वर्षभर इतरांना या रेषेवर उभे करणाऱ्या संघाचे भवितव्य आता आपल्याच १९ वर्षांच्या खेळाडूच्या दोन फेकींवर होते. त्याने दोन्ही साधल्या. व्हर्जिनियाचा शेवटचा प्रयत्न फसला. ६३-६२ या निकालाबरोबर सॅम्पसनची महाविद्यालयीन कारकीर्द संपली.

अंतिम फेरी

शेवटच्या चार संघांचे सामने न्यू मेक्सिकोतील ॲल्बकर्की येथे होते. तेथील क्रीडागृहाचे मैदान जमिनीच्या पातळीखाली खोदलेले असल्याने त्याला 'द पिट', अर्थात खड्डा, म्हणतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे आणि सवय नसलेल्या खेळाडूला तेथे लवकर धाप लागते. उपांत्य सामन्यात २ एप्रिलला स्टेटने जॉर्जियाला ६७-६० असे नमवले. दुसऱ्या उपांत्य सामन्यात ह्यूस्टनने लुइव्हिलला ९४-८१ असे हरवताना डंकचा असा वर्षाव केला की खरा अंतिम सामना हाच, असे अनेकांनी लिहून टाकले.

ह्यूस्टनचा संघ सलग २६ सामने जिंकून आला होता. हकीम ओलाजुवन व क्लाइड ड्रेक्सलर या भावी दिग्गजांचा हा संघ अमेरिकी विद्यार्थी मंडळांच्या ग्रीक अक्षरी नावांच्या धर्तीवर 'फाय स्लामा जामा' म्हणून ओळखला जाई. व्हॅल्व्हानो यांनी पत्रकारांना सांगितले की आपण चेंडू अडवून धरू आणि सामना संथ करू. प्रत्यक्षात खेळाडूंच्या खोलीत त्यांनी उलट सांगितले, की आपण चढाईचाच खेळ करायचा.

४ एप्रिलच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला स्टेट ३३-२५ असा पुढे होता. बेलीने पूर्वार्धातच १५ गुण केले होते आणि ड्रेक्सलर चार फाउलांमुळे अडचणीत आला होता. उत्तरार्धाच्या प्रारंभी ह्यूस्टनने १७ गुण केले, स्टेटला दोनच करता आले, आणि गुणफलक ४२-३५ झाला. येथे ह्यूस्टनचे प्रशिक्षक गाय लुईस यांनी खेळाची गती कमी करण्याचा निर्णय घेतला. दमलेल्या खेळाडूंना उसंत मिळावी आणि आघाडी राखावी, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. पण वेगाने खेळणाऱ्या संघाने वेग सोडला आणि स्टेटला नेमके हवे होते तसे घडले. ह्यूस्टन हा मुक्त फेकींत कच्चा संघ होता. स्टेटने फाउल करायला सुरुवात केली. ५२-४६ अशा पिछाडीवरून लो आणि व्हिटनबर्ग यांच्या लांबवरच्या फेकींनी ५२-५२ अशी बरोबरी साधली. सुमारे एक मिनिट शिल्लक असताना ह्यूस्टनच्या प्रथम वर्षाच्या ॲल्विन फ्रँकलिनला फाउल करण्यात आला. त्याची पहिली फेक हुकली आणि चेंडू स्टेटकडे आला.

शेवटची चाल ठरल्याप्रमाणे झालीच नाही. ह्यूस्टनच्या बेनी अँडर्सने चेंडू जवळजवळ हिरावून घेतला होता. तो कसाबसा व्हिटनबर्गच्या हाती आला, तेव्हा बास्केट सुमारे ३० फुटांवर होते आणि काही सेकंद उरले होते. त्याने फेक केली. ती तोकडी पडली, रिंगलाही लागली नाही. पण बास्केटखाली एकटा असलेल्या चार्ल्सने चेंडू हवेतच पकडून आत दडपला. स्टेटचा ५४-५२ असा विजय झाला. ती फेक नव्हती, पास होता, असे व्हिटनबर्ग पुढे अनेक वर्षे गमतीने सांगत असे. आलिंगन देण्यासाठी कोणीतरी शोधत मैदानभर सैरावैरा धावणाऱ्या व्हॅल्व्हानोंचे चित्रण आजही दरवर्षी मार्चमध्ये दूरचित्रवाणीवर दाखवले जाते.

स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मात्र ओलाजुवनला मिळाला. अंतिम सामन्यात त्याने २० गुण व १८ रिबाउंड अशी कामगिरी केली होती. पुरुषांच्या स्पर्धेत पराभूत संघातील खेळाडूला हा मान मिळाल्याचे हे अलीकडचे शेवटचे उदाहरण होय.

नंतरचा काळ

बेलीची एनबीएत दीर्घ कारकीर्द झाली. लो व्यावसायिक खेळाडू व प्रशिक्षक झाला आणि २००६ ते २०११ या काळात स्टेटच्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. व्हॅल्व्हानो यांची रॅलीतील अखेर सुखाची झाली नाही. खेळाडूंनी मोफत मिळालेली बूट व तिकिटे विकल्याचे चौकशीत निष्पन्न झाल्याने एनसीएएने १९८९ मध्ये संघावर कारवाई केली, आणि १९९० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर ते दूरचित्रवाणीवर समालोचन करू लागले. १९९२ मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. ४ मार्च १९९३ रोजी न्यूयॉर्कमधील एका पुरस्कार समारंभात, आधाराशिवाय व्यासपीठावर चढणेही कठीण झालेले असताना, त्यांनी कर्करोग संशोधनासाठी निधी उभारणाऱ्या 'व्ही फाउंडेशन' या संस्थेची घोषणा केली. २८ एप्रिल १९९३ रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ही संस्था आजही कार्यरत आहे.

लोरेंझो चार्ल्स नंतर रॅलीतच राहिला व बस चालवण्याचा व्यवसाय करू लागला. जून २०११ मध्ये तो चालवत असलेल्या बसला अपघात होऊन त्याचा मृत्यू झाला. तोही ४७ वर्षांचा होता.

या हंगामावर 'सर्व्हाइव्ह अँड ॲडव्हान्स' हा माहितीपट २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. १९८३ मध्ये या संघाची व्हाइट हाउसभेट झाली नव्हती. मे २०१६ मध्ये, विजयानंतर तेहतीस वर्षांनी, संघातील हयात सदस्यांना राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या काळात तेथे बोलावण्यात आले.