काट्यावरचा ट्रक

खांडबारा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, नवापूर तालुक्यातलं गाव. याच तालुक्यातून धुळे-सुरत महामार्ग गुजरातेत शिरतो, आणि सीमेवर नवापूरचा तपासणी नाका. ट्रकवाल्यांची खरी परीक्षा तिथे, वजनकाट्यावर.

1939 च्या मोटार वाहन कायद्याची जागा 1988 च्या कायद्याने घेतली. त्याच्या कलम 114 नुसार अधिकारी संशयित गाडी काट्यावर नेऊ शकतो. वजन जास्त भरलं तर जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा आदेशही देऊ शकतो. कागदावर हे सोपं! पण अनेक राज्यांत दंड भरला की गाडी भरलेलीच सुटायची. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खाक्या बेकायदा ठरवला.

2018 मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. म्हणजे कालचा ‘ओव्हरलोड’ आज कायदेशीर. 2019 च्या दुरुस्तीने मात्र दंड 2 हजारांवरून 20 हजारांवर नेला, शिवाय जादा टनामागे 2 हजार.

वजन झालं, मापाचं काय? कडब्याची गंजी दोन्ही फाळक्यांबाहेर लोंबत असते, तिला काटा पकडत नाही. तिथे टेपच लागते.