मैदान वाढलं, बोगदा तेवढाच

लंडनच्या पिकॅडिली लाइनवर 'आर्सेनल' नावाचं स्टेशन आहे. गाडीतून उतरलं की फलाटाच्या भिंतीवर, जुन्या फरश्यांमध्ये, मोठ्या अक्षरांत वेगळंच नाव दिसतं: 'गिलेस्पी रोड'. एका फुटबॉल क्लबने स्टेशनचं नाव बदलून घेतलं, ही गोष्ट क्लबचे चाहते अभिमानाने सांगतात. त्या गोष्टीचा अर्धा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. हे स्टेशन होतं म्हणून हा क्लब इथे आला.

आर्सेनलचा जन्म १८८६ मध्ये थेम्सच्या दक्षिणेला, वूलिचच्या सरकारी शस्त्रागारात झाला. कामगारांनी काढलेला हा संघ पुढे व्यावसायिक झाला, पहिल्या श्रेणीत पोचला, पण प्रेक्षक काही वाढेनात. मैदान प्लमस्टेडला, शहराच्या टोकाला होतं. मध्य लंडनहून तिथे जायचं तर ट्रामचा लांबलचक प्रवास करावा लागे. १९१० मध्ये क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा होता. तेव्हा तो बांधकाम व्यावसायिक हेन्री नॉरिस यांनी ताब्यात घेतला. नॉरिस फुलहॅम क्लबचेही अध्यक्ष होते. दोन्ही क्लब एकत्र करायचा त्यांचा बेत फुटबॉल लीगने हाणून पाडला. १९१२-१३ च्या हंगामात संघाने ३८ पैकी अवघे ३ सामने जिंकले आणि तो दुसऱ्या श्रेणीत घसरला.

नॉरिस यांनी मग नदीपलीकडे उत्तर लंडनमधल्या हायबरीत एका धर्मशास्त्र महाविद्यालयाची क्रीडांगणं भाड्याने घेतली. टॉटनम आणि क्लॅप्टन ओरिएंट या शेजारच्या क्लबांनी विरोध केला, स्थानिक रहिवाशांनीही केला. तरी नॉरिस हटले नाहीत, कारण मैदानाला लागूनच १९०६ मध्ये उघडलेलं गिलेस्पी रोड स्टेशन होतं. मध्य लंडनहून भुयारी रेल्वेने थोड्या मिनिटांत तिथे पोचता येत होतं. ६ सप्टेंबर १९१३ रोजी लेस्टर फॉसविरुद्ध पहिला सामना झाला तेव्हा मैदान पुरतं बांधूनही झालेलं नव्हतं. जखमी झालेल्या खेळाडूला दूधवाल्याच्या गाडीवरून न्यावं लागलं. पण लोक आले, आणि येत राहिले.

१९२५ मध्ये हर्बर्ट चॅपमन व्यवस्थापक झाले. संघाने १९३० मध्ये एफए कप आणि १९३१ मध्ये लीग जिंकली. जाहिरातीची ताकद चॅपमन यांना नेमकी कळत होती. स्टेशनला क्लबचं नाव मिळालं तर तिकिटांवर, नकाशांवर, गाडीतल्या फलकांवर ते रोज लाखो लोकांच्या नजरेस पडेल, हा त्यांचा हिशोब होता. त्यांनी रेल्वे कंपनीचा पिच्छा पुरवला आणि १९३२ च्या शरद ऋतूत गिलेस्पी रोडचं 'आर्सेनल' झालं. त्याच सुमारास पिकॅडिली लाइन उत्तरेकडच्या उपनगरांपर्यंत वाढत होती, म्हणजे मैदानाकडे येणाऱ्या वाटेवर नवी वस्तीही जोडली जात होती. चॅपमन १९३४ च्या जानेवारीत वारले. पुढच्याच वर्षी ९ मार्चला संडरलंडविरुद्धच्या सामन्याला ७३,२९५ प्रेक्षक आले. हायबरीचा हा उच्चांक कधीच मोडला नाही.

आता स्टेशनकडे पाहू. प्रवेशद्वार दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये दाटीने बसलेलं. तीसच्या दशकात ते नव्याने बांधून रुंद केलं, तरी आत लिफ्ट नाही आणि सरकता जिनाही नाही. फलाट ते रस्ता यांच्यामध्ये एक लांब, चढता बोगदा आहे. तो रुंद करायचा तर डोक्यावरच्या रस्त्याचं आणि घरांचं काय करायचं? त्यामुळे रेल्वेने साधा उपाय केला. बोगद्यात लांबीभर कठडा घालून त्याचे एक अरुंद आणि एक रुंद असे दोन भाग पाडले. सामन्याआधी रुंद भागातून गर्दी वर येते, सामन्यानंतर त्याच भागातून खाली जाते. उलट दिशेने जाणाऱ्या मोजक्या प्रवाशांसाठी अरुंद भाग असतो. भरती-ओहोटीचीच ही व्यवस्था.

फुटबॉलच्या गर्दीची खरी अडचण ओहोटीतच असते. माणसं येतात ती दोन-तीन तासांत विखरून. कुणी आधी पबमध्ये बसतं, कुणी शिट्टीच्या पाच मिनिटं आधी धावत येतं. जाताना मात्र सगळे एकाच क्षणी उठतात. समजा, २०,००० लोकांना एकाच स्टेशनवरून जायचं आहे. एका गाडीत ८०० माणसं मावतात आणि दर तीन मिनिटांनी रिकामी गाडी येते असं धरलं, तरी शेवटचा माणूस निघायला ७५ मिनिटं लागतील. गाड्या हव्या तितक्या वाढवता येत नाहीत. म्हणजे रांग लागणारच. ती कुठे लागावी, एवढंच आपल्या हातात उरतं. उघड्या रस्त्यावर लागली तर लोक वैतागतात. जिन्यावर किंवा फलाटावर लागली तर जीव जातात. दादरच्या पुलावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाने ते फार महागात शिकलं. तिथला १३ क्रमांकाचा जिना कोपलंड रोडच्या भुयारी स्टेशनला सर्वांत जवळचा, म्हणून सामना संपला की सर्वाधिक गर्दी त्याच जिन्याकडे वळायची. १९६१ मध्ये तिथे दोन जण मेले. १९६७ आणि १९६९ मध्येही लोक जखमी झाले. २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्स-सेल्टिक सामना संपल्यावर त्याच जिन्यावर ६६ जण चेंगरून मेले. शेवटच्या क्षणी झालेल्या गोलची आरोळी ऐकून बाहेर पडलेले लोक मागे फिरले आणि घात झाला, असं पुढे कित्येक वर्षं सांगितलं गेलं. चौकशीत ते खरं ठरलं नाही. सगळे एकाच दिशेने, खाली, चालले होते. वरून कुणी पडलं आणि मागून येणारा लोंढा थांबू शकला नाही. 'मागे फिरले' या कथेत दोष प्रेक्षकांच्या उतावीळपणाकडे जातो. खरा दोष मात्र दहा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या जिन्याचा होता. या दुर्घटनेतून १९७५ चा क्रीडांगण सुरक्षा कायदा आला.

१९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर मोठ्या मैदानांवर उभ्याने सामना पाहणं बंद झालं, सगळीकडे खुर्च्या आल्या. हायबरीची क्षमता ३८,००० च्या आसपास आली. क्लब श्रीमंत होत होता, तिकिटांना मागणी प्रचंड होती, पण चहूबाजूंनी घरं. शेवटी २००६ मध्ये आर्सेनलने मुक्काम हलवला, तोही जेमतेम अर्धा किलोमीटर. नव्या एमिरेट्स मैदानात ६०,००० माणसं बसतात. रेल्वेरुळांवरून लोकांना नेण्यासाठी दोन रुंद पूलही बांधले गेले.

नव्या मैदानाला अगदी लागून पिकॅडिलीचंच होलोवे रोड स्टेशन आहे. ते वाढवायचं आधी योजलं होतं, पण खर्च पाहून बेत सोडून दिला. कारण तिथे सरकते जिने नाहीत, फक्त लिफ्ट आहेत. लिफ्ट माणसांना ठरावीक संख्येने, थांबत थांबत नेते. म्हणून सामन्याच्या दिवशी सर्वांत जवळच्या याच स्टेशनच्या वापरावर बंधनं घालावी लागतात. लोकांना फिन्सबरी पार्क, हायबरी अँड इझलिंग्टन किंवा जुन्या आर्सेनल स्टेशनकडे चालत पाठवलं जातं. मला ही अव्यवस्था वाटत नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात ६०,००० चा लोंढा चार दिशांना फुटतो आणि पातळ होतो.

होलोवे रोडची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९०६ मध्ये हे स्टेशन उघडलं तेव्हा तिथल्या एका लिफ्टच्या विहिरीत अमेरिकन अभियंता जेसी रेनो यांचा गोल फिरत जाणारा सरकता जिना बसवला होता. न थांबता माणसं वर-खाली नेणारं ते यंत्र प्रवाशांसाठी कधीच सुरू झालं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांना पहिले सरकते जिने मिळाले ते १९११ मध्ये, अर्ल्स कोर्टला. होलोवे रोडच्या विहिरीत विसरलेले त्या यंत्राचे अवशेष अनेक दशकांनी बाहेर काढले गेले आणि आता ते लंडनच्या परिवहन संग्रहालयाकडे आहेत. वर रस्त्यावर, सामना सुटल्यावर, लाल मफलर घातलेली माणसं त्या स्टेशनच्या दारावरून पुढे चालत जातात.